कोंढाण्यावर घोरपड कुणी चढवली?

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, समुद्रापासून आत सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले दोन तालुके. मुंबई-गोवा महामार्गाने जाणारा प्रवासी महाडला थांबला तर रायगडासाठी किंवा चवदार तळ्यासाठी. पोलादपूरला तो चहा घेतो आणि कशेडी घाटाकडे निघतो, नाहीतर आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठतो. या दोन तालुक्यांनी शिवकाळाला दोन माणसं दिली. महाडजवळच्या किंजळोलीचा मुरारबाजी देशपांडे मे १६६५ मध्ये पुरंदरावर पडला. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचा तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर पडला. मुरारबाजी गेल्यावर महिन्याभरातच पुरंदरचा तह झाला, त्यात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि कोंढाणा त्यांतलाच एक. म्हणजे एकाच गोष्टीचा पूर्वार्ध महाडचा आणि उत्तरार्ध पोलादपूरचा.

पण चौथीतल्या पोराला विचारून बघा. तानाजीची गोष्ट ते घोरपडीसकट, शेलारमामासकट, रायबाच्या लग्नासकट सांगेल. मुरारबाजीचं नाव त्याने ऐकलेलं असेल. त्यापुढे गाडी अडते. दोघांच्या शौर्यात डावंउजवं करायचं कारण नाही. फरक पडला तो मरणानंतर, आणि तो कसा पडला हे पाहणं फार मनोरंजक आहे.

त्यासाठी आधी थोडं कॉमिक्सकडे वळू. कॉमिक्सच्या जगात सुपरहिरो म्हणून जो प्राणी ओळखला जातो, त्याचा जन्म अमेरिकेत १९३० च्या दशकातला. १९३६ मध्ये ली फॉकचा फँटम वर्तमानपत्राच्या पट्टीत आला आणि १९३८ मध्ये सुपरमॅन. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून हाच फँटम ‘वेताळ’ म्हणून घरोघरी नेला. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पाय अवघडेस्तोवर उभं राहून वेताळ फुकट वाचणारी एक पिढीच महाराष्ट्रात होऊन गेली. या नायकांचा साचा ठरलेला असतो. माणसाला न झेपणारं एक काम. सोबतीला एखादा प्राणी. वेताळाला घोडा होता, लांडगा होता. समोर माणसाच्या मापात न बसणारा खलनायक. नायकाने बाजूला सारलेलं घरचं सुख. आणि ऐकताक्षणी त्याचंच म्हणून ओळखू येईल असं एक वाक्य.

या यादीतलं सगळं काही तुळशीदास शाहिराने तानाजीला आधीच देऊन ठेवलं होतं.

तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा मराठीतल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी मानला जातो. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि हा, अशी जोडी नेहमी सांगितली जाते. परंपरा त्याला शिवकालीन म्हणते. पण तो दोनशे वर्षं गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी राहिला आणि पुस्तकात छापून आला तो १८९१ मध्ये, हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या पोवाडासंग्रहात. ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्याच नावाचं. कचरा, पाणी आणि महारोग यांतून सवड काढून हा गोरा साहेब पोवाडे गोळा करीत होता आणि पुढे त्याने त्यांची इंग्रजी रूपांतरंही छापली, हे मला फार आवडतं. तेव्हा आज आपल्या हाती असलेल्या पोवाड्यातलं किती तुळशीदासाचं आणि किती मधल्या गाणाऱ्यांचं, हे वेगळं काढणं अवघड आहे. गाणाऱ्याला समोरची गर्दी धरून ठेवायची असते. ज्या जागी माणसं माना डोलावतात, ती जागा पुढच्या खेपेला थोडी लांबते.

पोवाड्याची सुरुवात होते जिजाऊंपासून. त्या प्रतापगडावर आहेत. प्रतापगड म्हणजे पोलादपूरच्या अगदी डोक्यावरचा किल्ला. तिथून त्यांना कोंढाणा दिसतो आणि तो परक्याच्या हाती असल्याचं शल्य बोचतं. महाराजांना बोलावणं जातं, सोंगट्यांचा डाव मांडला जातो, आई जिंकते आणि पणात कोंढाणा मागते. मग निरोप उमरठला. तिथे तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची धांदल. तानाजी लग्न बाजूला ठेवतो आणि ऐंशी वर्षांच्या शेलारमामाला घेऊन निघतो. आधी लगीन कोंढाण्याचं हे शब्द आज मराठी माणूस बायकोने सांगितलेलं काम टाळतानाही वापरतो. कोणत्याही नायकाला याहून मोठं यश मिळत नाही.

खलनायक तर पाहण्यासारखा. पोवाड्यातला उदेभान, कोंढाण्याचा मोगली किल्लेदार, एका बैठकीत अख्ख्या गाई-मेंढ्या आणि शेरांनी मोजलेला भात फस्त करतो. त्याला अठरा बायका, बारा पोरगे आणि पोरगे बापापेक्षा जबर. हाताशी चंद्रावळी नावाचा हत्ती, शिवाय सिद्दी हिलाल नावाचा सहकारी, तोही खाण्यात थोडाच कमी. गडावर पोचल्यावर तानाजी यांना एकामागून एक निकालात काढत शेवटी उदेभानापर्यंत येतो. आजच्या मुलांच्या मोबाइलवरच्या खेळात पातळ्या असतात, त्या याच.

आणि यशवंती. तिच्यासाठी पोवाडा मुद्दाम थांबतो. आधी सत्तावीस किल्ले चढलेली ही घोरपड. तिची शेंदूर लावून पूजा होते, कमरेला दोर बांधला जातो. ती अर्ध्या कड्यावरून मागे फिरते. अपशकुन. तानाजी तिला मारून खाण्याची धमकी देतो, तेव्हा ती परत चढते. नायकाचा अंत जवळ आला आहे हे ऐकणाऱ्याला इथेच कळतं, आणि ते सांगतं एक मुकं जनावर. ज्या कुणी शाहिराने ही जागा रचली त्याला कथा कशी सांगायची हे नेमकं माहीत होतं.

आता कृष्णाजी अनंत सभासदाकडे वळू. त्याने आपली बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली, घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. त्याच्या तानाजीत घोरपड नाही, रायबा नाही, सोंगट्या नाहीत. तानाजी हा मावळ्यांचा हजारी. तो कोंढाणा घ्यायचं कबूल करतो, निवडक माणसं घेऊन पायथ्याशी येतो. दोन तरबेज मावळे रात्री कड्यावरून वर पाठवतो. वानर चढावे तसे ते चढले, असं सभासद म्हणतो. त्यांनी वर जाऊन माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तिच्यावरून तीनशे माणसं चढली. वर उदेभान आणि तानाजी समोरासमोर आले. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही पडले. भाऊ सूर्याजीने बिथरलेली माणसं सावरली, गड घेतला, आणि पागेला आग लावून राजगडावर महाराजांना खूण दिली.

मला विचाराल तर ही हकिगत पोवाड्याहून जास्त थरारक आहे. फेब्रुवारीतली गार रात्र, कोरडा कडा, दोन अनाम माणसं बोटांच्या पेरांवर वर सरकताहेत आणि खाली तीनशे जण श्वास रोखून उभे. त्या दोघांची नावं सभासदाने दिली नाहीत. लोककथेने त्यांच्या जागी घोरपड आणली आणि तिला मात्र नाव दिलं. कोंढाण्याचा खरा गिर्यारोहणाचा पराक्रम ज्यांचा, ते दोघे कायमचे पडद्याआड गेले.

घोरपडीबद्दल थोडं. आपल्याकडची सामान्य घोरपड शेपटीसकट दीड-पावणेदोन मीटरपर्यंत वाढते, वजन पाच-सात किलोच्या आसपास. नख्या जबरदस्त, कपारीत शिरून अंग फुगवलं की ओढून निघत नाही, हे खरं. पण दगडाच्या उघड्या धारेवर साठ-सत्तर किलोचा गडी दोराला लटकला तर तिचा टिकाव लागणार नाही. फार तर पातळ सुतळी वर नेईल, आणि तीही नेमकी हव्या त्या झुडपाभोवती गुंडाळून परत येणार नाही. ‘घोरपड’ हे कड्याला अडकवायच्या एखाद्या साधनाचं नाव असावं, असाही तर्क केला जातो. मुळात ही कल्पना तानाजीपेक्षा जुनी आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याचं आडनाव बहमनी काळात पूर्वजांनी घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केल्यामुळे पडलं, अशी आख्यायिका आहे. शाहिराने प्रचलित कथेतला एक मोहरा उचलून आपल्या नायकाला दिला, एवढंच. कॉमिक्सवाले आजही हेच करतात. खऱ्या घोरपडीला मात्र या कीर्तीचा काही उपयोग झालेला नाही. वन्यजीव कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण दिलं आहे आणि तरीही मांसासाठी तिची शिकार होते.

तसंच गडाच्या नावाचं. तानाजीमुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपण सगळे धरून चालतो. पण १६६३ च्या एका पत्रातच किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असा आहे. तानाजी गेला त्याच्या सात वर्षं आधी.

कथा कोणत्या प्रसंगाला चिकटते आणि कोणत्या नाही, याचा एक नमुना खुद्द तानाजीच्याच चरित्रात आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात १६६१ च्या संगमेश्वर मोहिमेचं वर्णन येतं. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्याच्या फौजेने रात्री अचानक छापा घातला. मराठ्यांच्या बाजूचा पिलाजी नीळकंठराव घाबरून पळू लागला. तानाजीने त्याला धरलं, दोराने दगडाला बांधून टाकलं आणि मग लढायला गेला. यात विनोद आहे, राग आहे, माणूस आहे. एका चौकटीचं चित्र तर डोळ्यांसमोर आपोआप उभं राहतं. तरीही हा दोर कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना ठाऊक आहे तो यशवंतीच्या कमरेचा. संगमेश्वरला शाहीर मिळाला नाही.

पोवाड्यानंतरची मोठी भर हरि नारायण आपट्यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत त्यांनी उदेभानाला प्रेमाच्या भानगडीत गुंतवलं. सती जायला निघालेल्या कमलकुमारीला त्याने पळवून आणलं आहे आणि कोंढाण्यावर ती त्याच्या कैदेत आहे. कादंबरीच्या वाचकाला रात्रभर जागवायचं तर स्त्रीपात्र हवंच होतं. याच काळात सावरकरांनी सिंहगडाचा पोवाडा लिहिला आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी आणली. उदेभान म्हणजे कोण, हे तेव्हाच्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग आला सिनेमा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये आपट्यांच्या कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीचा हल्ला दिवसाच्या उजेडात दाखवणं बाबूरावांना पटेना. त्यांनी कृत्रिम दिवे लावून चित्रण केलं, आणि भारतीय चित्रपटातला तो पहिलाच प्रयोग मानला जातो. त्यात शेलारमामा झाला होता विशीतला व्ही. शांताराम. चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगितलं जातं. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, शांतारामांनी प्रभातसाठी त्याच कादंबरीवर बोलता ‘सिंहगड’ काढला.

कॉमिक्स तिसऱ्या टप्प्यावर आलं. इंद्रजालच्या कामात असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. बत्तीस पानांत एक आयुष्य, असा तो मामला. या मालेत शिवाजी महाराज आले, तानाजीही आला. बत्तीस पानांत संशोधनाला जागा नसते. लहान पोराला रस्ता चुकू न देता शेवटापर्यंत न्यायचं असतं. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ पुस्तकातल्या धड्याने आणि या रंगीत पानांनी मिळून तानाजीची अधिकृत मुद्रा कायम केली: पीळदार मिशा, कमरेला शेला, हातात उगारलेली तलवार. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मावळ्यांतही तीच मुद्रा उतरते.

कॉमिक्समध्ये महाड तालुका स्वतंत्रपणेही आलेला आहे, तो वेगळ्या लढ्यासाठी. अमर चित्र कथेचं बाबासाहेब आंबेडकरांवर पुस्तक आहे. त्याहून कितीतरी सरस आहे ते २०११ चं ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने ते रेखाटलं, आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यात फार जिवंत उतरला आहे. व्याम दांपत्याने चौकोनी चौकटी वापरायलाच नकार दिला. सौम्य बोलणाऱ्याचे शब्द त्यांनी पक्ष्याच्या आकारात लिहिले आणि विखारी बोलणाऱ्याचे विंचवाच्या नांगीच्या. तानाजीला अजून असा चित्रकार भेटलेला नाही, ही माझी हळहळ.

त्याला भेटला तो अजय देवगण. १० जानेवारी २०२० ला ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ आला आणि त्या वर्षी हिंदीत सर्वाधिक कमाई त्याचीच झाली. नावापुढे इंग्रजीत ‘द अनसंग वॉरियर’ अशी शेपटी होती, म्हणजे कुणीच न गायिलेला वीर. ज्याच्या नावाचा पोवाडा मराठी मुलुखाने पिढ्यान् पिढ्या गायिला त्याला हे बिरुद लावायला हिंमत लागते. पण तो मुलूख सोडून इतरांपुरतं ते खरंही असेल. हा चित्रपट उघडउघड सुपरहिरोपट होता. त्रिमितीचा चष्मा, संगणकावर उभे केलेले कडे, हवेत तरंगणारा नायक. कोंढाण्यावरून थेट राजगडावर मारा करू पाहणारी ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ होती. या दोन गडांत सरळ रेषेत पंधरा किलोमीटर आहेत. तेव्हाच्या तोफांचा उपयोगी पल्ला दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जात नसे. पण इथे चिडण्यात अर्थ नाही, कारण या चित्रपटात शोधायची गोष्ट वेगळीच आहे. सैफ अली खानचा उदेभान मगर भाजून खातो. पोवाड्यातला गाई-मेंढ्या रिचवणारा उदेभान साडेतीनशे वर्षांनी जसाच्या तसा परत आला, फक्त ताटातला पदार्थ बदलला. चित्रपटात त्याने पळवून आणलेली कमलादेवी आहे. ती आपट्यांची कमलकुमारी. लेखकाने पात्र जन्माला घातलं की ते इतिहासात किती सहज राहायला जातं, याचं हे झकास उदाहरण. पुढे २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा मराठी ‘सुभेदार’ आला, अजय पूरकर तानाजीच्या भूमिकेत. त्याला मात्र मातीचा वास आहे.

एवढ्या सगळ्या गाजावाजात गावाच्या वाट्याला काय आलं? उमरठला तानाजीची समाधी आणि स्मारक आहे. माघ वद्य नवमीला तिथे पुण्यतिथीचा सोहळा होतो. तालुक्यातल्याच साखर गावात सूर्याजीची समाधी आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. ज्याने गड प्रत्यक्ष ताब्यात घेतला तो कथेत दुय्यम पात्र ठरला. तानाजीचा देह कोकणात आणला तो वेल्ह्याकडच्या केळद गावाजवळून महाड तालुक्यात उतरणाऱ्या मढे घाटाने, असं परंपरा सांगते. पावसाळ्यात त्या घाटातला धबधबा पाहायला पुण्याहून गाड्यांची रांग लागते. रायबाची कथाही लग्नाशी संपत नाही. परंपरेनुसार महाराजांनी त्याला चंदगडजवळच्या पारगडाची किल्लेदारी दिली, आणि गोव्याच्या सीमेवरच्या त्या गडावर आजही मालुसऱ्यांची वस्ती आहे.

आणि किंजळोलीचा मुरारबाजी? सभासदानेच त्याची हकिगत दिली आहे. तो आधी जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा माणूस, नंतर महाराजांचा. मोगल सरदार दिलेरखानाने पुरंदरची माची घेरली, तेव्हा सातशे माणसं निवडून तो दिवसाढवळ्या दरवाजा उघडून बाहेर पडला आणि कापत कापत थेट खानाच्या रोखाने गेला. ते धाडस पाहून खान थक्क झाला आणि त्याने कौल घेण्याचं बोलणं केलं: आमच्याकडे ये, नावाजतो. मुरारबाजीने तो झिडकारला आणि खानावरच चालून गेला. खानाने स्वतः तीर मारून त्याला पाडला आणि तोंडात बोट घातलं. इथे खलनायक गाई खाणारा राक्षस नाही, समोरच्याचं मोल जाणणारा सेनापती आहे. नायकापुढे मोह ठेवला जातो आणि तो नाकारतो. घोरपडीची गरजच पडत नाही. बत्तीस पानांचा मजकूर सभासदाच्या बखरीत तयार पडला आहे. दुर्गाबाई व्यामांसारखा कुणी चित्रकार तेवढा हवा.